गाव हिंदळे, मुक्काम घाटकोपर

आकडा श्रुतिकाच्या तोंडून निसटला तो जेवताना, वाटीत सोलकढी ओतून घेता घेता. दिवसभर ऑफिसात डोक्यात घोळत होता, तो तसाच घरी आला आणि पानावर सांडला.

"आपल्या टेकडीवर मेंदूच्या गाठी तिपटीने वाढल्यात," ती म्हणाली. "दोन वर्षांत तिप्पट."

बोलून गेली आणि मग तिला समोर सासूबाई दिसल्या. सुगंधाबाईंचा हात भातात तसाच थांबला होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यातून लिंबाएवढी गाठ काढली होती. उजव्या कानाच्या वर अर्धगोल व्रण होता, आणि तेव्हापासून घरात, दारात, देवळात त्यांचा पदर डोक्यावरून कधी खाली आला नव्हता.

"तिप्पट?" तिच्या नवऱ्याने, सुबोधने, घास खाली ठेवला. "म्हणजे टॉवरच. मी केव्हापासून सांगतोय. समोरच्या बिल्डिंगवर तो मोबाइलचा टॉवर बसला आणि मग आईला गाठ झाली."

"सुबोध, मी असं काही म्हटलं नाही. नुसता कच्चा आकडा आहे."

"आकडा तुझाच ना?"

आकडा तिचाच होता. श्रुतिका अंधेरीला, मेंदूच्या गाठींची आणि कर्करोगाची नोंदणी ठेवणाऱ्या एका कार्यालयात संख्याशास्त्राचं काम करायची. इस्पितळांतून नोंदी येत: वय किती, बाई की पुरुष, राहणं कुठे, गाठ कोणत्या प्रकारची. नावं तिच्यासमोर येत नसत. तिचं काम एवढंच, की कोणत्या प्रकारच्या गाठी कोणत्या वर्षी, कोणत्या भागात किती झाल्या ते मांडायचं आणि आधीच्या वर्षांशी ताडून बघायचं. मेंदूतली गाठ म्हटली की लोकांना एकच काळं भूत दिसतं, पण त्या सगळ्या काही एका आईच्या लेकी नव्हेत. मेंदूवरच्या आवरणातून उगवते ती मेनिंजिओमा. बहुतेक वेळा गरीब, सावकाश वाढणारी, काढली की विषय संपणारी. सुगंधाबाईंची तीच होती. मेंदूच्या आतल्या पेशींतून निघते ती ग्लायोमा. तिच्यातल्या काही फार उग्र. हे सगळं श्रुतिकाने घरात अनेकदा समजावलं होतं. पण ‘तिप्पट’ हा शब्द एकदा घरात शिरल्यावर बाकीचे शब्द कुठे उभे राहणार?

गुणाजी, म्हणजे सासरे, सगळ्यांत शेवटी बोलले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकून संसार ओढला होता. दत्तटेकडीवरचं हे घर त्यांनी एकेक वीट वर चढवून बांधलं होतं.

"घरान बाधा केली म्हणतस तू?" त्यांनी मुलाला विचारलं.

"घराने नाही, बाबा. जागेने."

"एकच झाला मा ता."

सुगंधाबाई उठल्या आणि हात धुवायला मोरीत गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

आठवडाभरात टेकडीवर सगळ्यांना माहीत झालं. सुबोध गच्चीवर कुणाशी तरी बोलला, त्या कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, आणि ‘आपल्या वॉर्डात ब्रेन ट्यूमरचा उद्रेक’ असं होऊन ते श्रुतिकाकडेच परत आलं. मंडळाचे अध्यक्ष जयवंत तावडे यांनी ‘टॉवर हटाव, टेकडी बचाव’ असा फलक लावला आणि तिला जिन्यात गाठलं.

"वहिनी, तुम्ही फक्त सही द्या. सरकारी माणसाची सही म्हटली की वाट लागते बघा एकेकाची."

"जयवंतभाऊ, मी सरकारी नाही. आणि टॉवरबद्दल माझ्याकडे काही नाही हो."

"तिप्पट आहे ना?"

तिप्पट होतं.

त्याच रात्री सुबोधने ठरवलं ते सांगून टाकलं. दत्तजयंतीचा सप्ताह उरकला की आईला हिंदळ्याला नेऊन ठेवायचं. तिथे काकांचं घर आहे, माडाची सावली आहे, टॉवर नाही. थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचं.

"आणि दर वर्षीचा स्कॅन? तो कुठे करणार?" श्रुतिकाने विचारलं.

"यंदाचा तरी केलाय का तिने? मशीनचं नाव काढलं की तोंड फिरवते. तिकडे निदान शांत तरी राहील."

हे खरं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ पुन्हा येण्याची शक्यता कमी, पण वर्षातून एकदा बघायचं. तीन वर्षं सुगंधाबाई गेल्या. यंदा आकड्याची बातमी आल्यापासून त्या ‘बघू’ म्हणत होत्या. आणि हिंदळ्याचं ऐकल्यावर त्या फक्त "बरां" म्हणाल्या.

ते ‘बरां’ श्रुतिकाला झोपू देईना. कारण या बाईचं सगळं जग टेकडीवरच्या दत्तमंदिरात होतं. तिथे कीर्तनाला त्या बायकांच्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि बुवांनी ध्रुपद टाकलं की सगळ्यांच्या आधी उचलायच्या. आवाज काही फार गोड नव्हता, पण खणखणीत होता आणि कधी हलायचा नाही. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी नर्सला विचारलेली पहिली गोष्ट ही, की "माका गावूक येतला मा?" हिंदळ्यालाही देऊळ आहे, कीर्तनं होतात. पण तिथे त्या कुणाच्या तरी घरच्या आजारी बाई म्हणून मागे बसणार होत्या.

डॉक्टर अस्मिता श्रुतिकाच्या वरिष्ठ. त्यांनी तिला आधी झाडलं.

"कच्चा आकडा घरी नेलास? अगं, दूधसुद्धा आपण तापवल्याशिवाय देत नाही कुणाला."

"चुकलं, मॅडम."

"बरं, रडू नकोस. दाखव." त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. "हे बघ. स्कॅनची मशीनं वाढली की साध्या गाठी जास्त सापडतात. म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं, स्कॅन होतो, गाठ दिसते. पूर्वी ती न दिसताच माणूस नव्वदीचा होऊन जायचा. म्हणजे मेनिंजिओमा थोडी वाढली तर मला नवल नाही. पण ही उग्र ग्लायोमा? ती लपून राहत नाही. पूर्वीही राहत नव्हती. ती स्वतःच दार ठोठावते. मग तीही तिप्पट कशी?"

"सगळेच प्रकार तिप्पट आहेत. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीसुद्धा."

"तेच म्हणते मी. निरनिराळ्या गाठी, निरनिराळ्या वयात होणाऱ्या, सगळ्या हातात हात घालून एकाच मापाने वाढतायत? गाठी असं ठरवून वागत नाहीत, श्रुतिका. आपण वागतो. कुठेतरी मोजण्यातच काहीतरी बदललंय. ते शोध."

तिने शोधलं. एकच नोंद दोनदा आली का, पाहिलं. टेकडीची लोकसंख्या चुकीची धरली का, पाहिलं. तसं काही नव्हतं. घाटकोपरच्या पूर्वेला, गुजराती वस्तीत, रेघ आडवी होती. दत्तटेकडीवर ती उभी चढत होती, आणि वाकोल्याच्या एका भागातही. त्या भागात टॉवर नव्हता. तिने सुबोधला हे सांगितलं.

"मग तिकडे दुसरं काही असेल," तो म्हणाला. "आई माझी आहे, श्रुती. तुझी रेघ सरळ होईपर्यंत मी तिला इथे ठेवायची?"

सप्ताह सुरू झाला. टेकडीवरची पद्धत अशी, की बुवांचं जेवण रोज एका घरी. दुसऱ्या दिवशी पान हिंदळेकरांकडे, म्हणजे श्रुतिकाच्या घरी होतं. कीर्तनकार चैतन्यबुवा मुलुंडचे. चाळिशीचे, गोरेपान, जेवणावर मनापासून प्रेम करणारे. पूर्वरंगात ते तत्त्व असं सोपं करून सांगत की पोरंसोरं मान डोलवत, आणि उत्तररंगात आख्यान लावलं की म्हातारी माणसं पोरांसारखी तोंड उघडी टाकून बसत. सुगंधाबाईंनी काळ्या वाटाण्याची आमटी केली होती, आंबोळ्या केल्या होत्या. बहुधा इथला शेवटचा सप्ताह, म्हणून जरा जास्तच केलं होतं.

बुवांनी तिसरी आंबोळी घेतली आणि गुणाजींना विचारलं, "वा! ही चव या मातीची नव्हे. गुणाजीराव, आपण कुठले?"

"आमी हिंदळ्याचे," गुणाजी म्हणाले. "देवगडचो हिंदळा."

"आणि वहिनी?"

"ती मुणग्याची."

"म्हणजे खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची सोयरीक! आणि मुंबईत कधी आलात?"

"झाली की पन्नास वर्सां."

श्रुतिकाच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पन्नास वर्षं घाटकोपरला राहताय. बुवांनी विचारलं कुठले, तर हिंदळ्याचे का म्हणालात?"

गुणाजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं कुणी विचारावं की तुम्ही नाकाने श्वास का घेता.

"मगे काय घाटकोपरचे म्हणू? घाटकोपर काय गाव आसा?"

बुवा हसले. श्रुतिका हसली नाही. ती चटईवर खाली बसली, डाव हातात धरून.

"बाबा, आईंना ऑपरेशनला नेलं, तेव्हा खिडकीवरच्या बाईने काय विचारलं होतं? शब्द आठवतात?"

"आठवतत तर. तिना इचारल्यान, नाव काय. मी सांगितलंय, सुगंधा गुणाजी हिंदळेकर. मगे तिना इचारल्यान, कुठले? मी सांगितलंय, हिंदळा, तालुको देवगड. ती म्हणाली, होय, ते आडनावातच दिसता. आणि लिवन घेतल्यान."

"घाटकोपरचा पत्ता?"

"तो तिना इचारल्यानच नाय. आमचो फोन नंबर घेतल्यान."

श्रुतिका कपाळावर हात मारून घेणार होती, पण हातात आमटीचा डाव होता.

"सुबोध," ती म्हणाली, "ऐक. मुंबईची नोंद म्हणजे मुंबईत राहणाऱ्यांची नोंद. बाहेरगावाहून उपचाराला आलेली माणसं आम्ही मुंबईत धरत नाही. धरून चालतच नाही, कारण अख्खा देश इथे उपचाराला येतो. ज्याच्या कागदावर हिंदळा, तो बाहेरचा. म्हणजे आईंची नोंद आमच्याकडे आली आणि बाहेरगावची म्हणून बाजूला गेली."

"मग?"

"मग दोन वर्षांपूर्वी इस्पितळांतले कॉम्प्युटर बदलले. आता पिनकोड टाकल्याशिवाय ते पुढेच सरकत नाहीत. म्हणून खिडकीवरची बाई आता ‘कुठले’ विचारत नाही. ‘कुठे राहता’ विचारते. कुठले म्हटलं की आपला माणूस गाव सांगतो. कुठे म्हटलं की घर सांगतो. एका शब्दाचा फरक, सुबोध! टेकडीवर गाठी वाढल्या नाहीत. टेकडीवरची माणसं इतकी वर्षं मोजलीच गेली नव्हती, ती आता कुठे मोजली जातायत. वाकोल्याच्या त्या भागात पण सगळे देवगड-मालवणचेच आहेत."

सुबोधने काही म्हणायच्या आत दारातून सुगंधाबाईंचा आवाज आला. त्या गरम आंबोळी घेऊन येताना तिथेच थबकल्या होत्या.

"म्हणजे मी खंयच्या आकड्यात?"

"तेच सांगतेय, आई. ज्या आकड्याला घाबरून तुम्ही हिंदळ्याला निघालात ना, त्या आकड्यात तुम्ही नाहीच आहात."

त्या तशाच उभ्या राहिल्या. आंबोळी गार झाली. बुवांनी ती तशीच मागून घेतली.

पण डॉक्टर अस्मिता इतक्यात खूश होणाऱ्या नव्हत्या. "छान सुचलंय," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "पण हे तुझ्या घरचं एक उदाहरण झालं. जुन्या वर्षांत कोकणातला पत्ता असलेल्या नोंदी कितीतरी असतील. त्यातले खरोखर गावाहून आलेले किती आणि टेकडीवर राहणारे किती, हे कळल्याशिवाय मी एक अक्षर बदलणार नाही. आणि शोधायला जायचं म्हटलं तर पत्ते गावचे, फोन नंबर बदललेले."

"घरोघरी विचारलं तर?"

"ज्या घरात मुलीचं लग्न ठरायचंय, त्या घरात जाऊन विचारणार, की तुमच्याकडे मेंदूची गाठ कुणाला होती? दार लावून घेतील. त्यांनी आपण होऊन यायला हवं."

आपण होऊन माणसं एका ठिकाणी येत होती, रोज संध्याकाळी. श्रुतिका त्या संध्याकाळी कीर्तनाआधी चैतन्यबुवांना भेटली. बुवा गळ्याला गरम पाण्याचा शेक देत होते.

"नावं पुकारायची नाहीत, बुवा. कुणालाही अवघडल्यासारखं व्हायला नको. आणि टॉवर निर्दोष आहे असंही म्हणायचं नाही. माझा आकडा त्याच्यावर बोट दाखवत नाही, एवढंच मला माहीत आहे."

"एवढं जपून तर आम्ही देवाबद्दलपण बोलत नाही," बुवा म्हणाले. "तुझ्या मॅडमना दत्तजयंतीला बोलव. चपला काढतात तिथे एक टेबल टाक. बाकीचं मी बघतो."

दत्तजयंतीला मंडप भरून वाहत होता. जन्माचा गुलाल झाला, सुंठवडा वाटला, बुक्का लागला, आणि बुवा उत्तररंगाला उभे राहिले. पेटीवाल्याने सूर धरला. बुवांनी झांज एकदाच वाजवली आणि ती विरेपर्यंत थांबले.

"एकदा देवाच्या मनात आलं," ते म्हणाले, "की या टेकडीवर माझी लेकरं किती, ते मोजावं. सेवकाला म्हणाला, जा, मोजून ये. सेवक आला. पहिल्या दारात विचारलं, कुठले तुम्ही? आतून उत्तर आलं…" बुवांनी हात कानाला लावला.

"हिंदळा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दुसऱ्या दारात?"

"मिठबाव!" "आचरा!" "गुहागर!" मंडपात चढाओढच लागली. एका म्हाताऱ्याने उठून आपल्या वाडीचंसुद्धा नाव सांगितलं.

"सेवक परत गेला. म्हणाला, देवा, टेकडी रिकामी आहे. तिथे तुमचं लेकरू एकही राहत नाही. सगळे पाहुणे आलेत!"

हसण्याचा असा लोट उठला की तबलजीसुद्धा डग्ग्यावर वाकला. बुवा हसू ओसरेपर्यंत थांबले, मग हळूच म्हणाले, "देव म्हणाला, अरे वेड्या, मग रोज पहाटे माझ्या दारात सडा कोण घालतं? पाणी नाही म्हणून रोज माझ्याजवळ कोण भांडतं? पाहुणा कधी भांडतो का? तू चुकीचं विचारलंस. जा, पुन्हा विचार."

आणि त्यांनी तिथल्या तिथे जुळवलेलं ध्रुपद टाकलं:

"मूळ माझे तिकडे, चूल माझी इकडे,
पुसशी मज कुठला, सांगू मी कुणीकडे?"

पहिल्या रांगेतून ते कुणी उचललं नाही. सुगंधाबाई सप्ताहभर नुसत्या ओठ हलवत होत्या. बाकीच्या बायकांनी चाचरत धरलं. बुवांनी दोनदा फिरवलं, मग झांज थांबवून साध्या आवाजात सगळं सांगितलं. खिडकीवरची बाई, ‘कुठले’ आणि ‘कुठे’, आणि मोजायची राहून गेलेली माणसं. "ज्यांच्या घरात हा आजार होऊन गेला, जे बरे झाले, जे गेले, त्या घरच्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की तेव्हा आम्ही राहत होतो इथे. मागे डॉक्टरबाई बसल्यात. नाव त्यांच्याजवळच राहील. माणूस गेला, तर निदान आपल्या घरातून गेला अशी तरी नोंद लागू दे."

कुणी हललं नाही. जयवंत तावडे खांबाला टेकून इकडेतिकडे बघत होते. श्रुतिकाला वाटलं, संपलं. कोण सांगणार आहे चारचौघांत?

पुरुषांच्या बाजूने सुबोध आईकडे बघत होता, आणि त्याने मान हलवली. नको, अशी. सुगंधाबाईंनी ते पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. उठताना पदर सरकला. त्यांनी तो सावरला नाही. मंडपातल्या दिव्यांत कानावरचा तो अर्धगोल व्रण पहिल्यांदाच सगळ्या टेकडीने पाहिला.

"सुगंधा गुणाजी हिंदळेकर," त्या म्हणाल्या, ध्रुपद उचलावं तशा आवाजात. "राहणार दत्तटेकडी, घाटकोपर. माका गाठ होती. काढली. मी हंय रवतंय. पाहुणी नाय मी."

आणि पायांत चप्पल न घालता त्या टेबलाकडे चालत गेल्या.

त्यांच्यामागून आधी एक पाटणकर मास्तर उठले, त्यांचा भाऊ गेला होता. मग तावड्यांची थोरली वहिनी उठली, आणि जयवंतभाऊंनी खांब सोडला. त्यांना घरातलं हे माहीतच नव्हतं. मग एक तरुण मुलगी, मग सहदेव न्हावी आणि त्याची आई. काही रडले. बरेचसे ठणठणीत होते आणि आपल्यासारखंच दुसऱ्यालाही झालं होतं हे ऐकून एकमेकांची डोकी निरखत होते. "तुझी खंयच्या बाजूक? माझी डावीकडे." डॉक्टर अस्मितांचं पेन संपलं, तेव्हा बुवांनी आपल्या खिशातलं काढून दिलं.

जुन्या वर्षांत ही माणसं आपापल्या जागी ठेवायला श्रुतिकाला बरेच दिवस लागले. एकेक नाव मॅडम स्वतः इस्पितळाच्या कागदाशी पडताळत, आणि मगच श्रुतिकाने ती नोंद हलवायची, असा त्यांचा हुकूम होता. पण जसजशी माणसं टेकडीवर परत आली, तसतशी मागची रेघ वर उचलली गेली आणि शेवटी नव्या वर्षांच्या शेजारी जवळजवळ समपातळीवर येऊन बसली. ग्लायोमा होती तितकीच होती. पिट्युटरी होती तितकीच. म्हाताऱ्या माणसांतली मेनिंजिओमा मात्र किंचित वर राहिली, जवळच स्कॅनचं केंद्र झाल्यामुळे असावी. तिच्याकडे पुढची काही वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं.

"म्हणजे टॉवर सुटला?" जयवंतभाऊंनी जिन्यात विचारलं. हिरमुसले होते.

"माझ्याकडून तरी त्याच्यावर गुन्हा नाही. बाकी टॉवरवाल्यांशी तुमचं गच्चीच्या भाड्याचं भांडण आहे, ते चालू द्या की."

जयवंतभाऊ दचकले, मग मोठ्याने हसले. "वहिनी, तुम्ही पण ना!"

घरात मात्र सुबोधने हिंदळ्याचा बेत अजून मोडला नव्हता. त्या रविवारी तो आईच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला. सुगंधाबाई खिरीसाठी कणकेच्या गव्हल्या वळत होत्या. आता त्या घरात पदर घेत नव्हत्या. व्रणाच्या कडेने पांढरे केस चांगले उगवून आले होते.

"आई, काकांना काय कळवू?"

"कळव, मी येतंय म्हणान."

श्रुतिका स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बारीक केला.

"मे महिन्यात," सुगंधाबाई म्हणाल्या. "आंबे खावक. पंधरा दिवस रवतलंय आणि परत येतलंय. रे सुबोध, तू भियालंस म्हणान मी बरां म्हटलंय. माका वाटला, झील भियालो, तर आपण त्याच्यासमोरना बाजूला व्हावा."

सुबोधने त्यांच्या ताटातली एक गव्हली उचलली आणि उगीच बोटांत वळत बसला.

"ती मोडतस कित्याक? ठेव खाली," त्या म्हणाल्या. "आणि त्या मशीनवाल्याक फोन कर. यंदाचा फोटो रवलाहा."

स्कॅनला तिघंही गेले. सुगंधाबाई आत गेल्या आणि दार बंद झालं. बाहेरच्या बाकड्यावर सुबोधने श्रुतिकाचा हात धरला. थोड्या वेळाने तंत्रज्ञ काचेच्या खोलीतून माइकवर बोलताना ऐकू आला. आधी समजुतीने, मग जरा वैतागून.

"आजी, हलू नका… आजी, तोंड बंद ठेवा… अहो आजी, गाताय का तुम्ही? फोटो हलतोय!"

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर रंग होता.

"अगो श्रुती," त्या चष्मा चढवत म्हणाल्या, "आत ता मशीन ठोकता मा, ता ताल काय चुकवणा नाय! ध्रुपद आपसूक येता."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. गाठीची जागा रिकामी होती, गेल्या वर्षीसारखीच. गुणाजींनी तो उलटा-सुलटा धरून पाहिला आणि मुलाच्या हातात दिला. सुबोधने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग पहिल्यापासून पुन्हा एकदा.